बोधात्मक संघर्षाचे मेंदू-प्रतिमांकन : सांख्यिकीय प्रतिमानांचा इतिहास

एकाच उद्दीपकामुळे दोन परस्परविरोधी प्रतिक्रियांना एकाच वेळी चालना मिळाली आणि त्यांपैकी एकीचीच निवड करणे भाग असले, तर त्या अवस्थेस बोधात्मक संघर्ष म्हणतात. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने छापला असून शाईचा रंग सांगावयाचा असेल, तर वाचनाची दृढ सवय ‘लाल’ म्हणावयास लावते आणि प्रयोगातील सूचना ‘हिरवा’ म्हणावयास सांगते. मनोविश्लेषणात ज्याला मानसिक संघर्ष म्हणतात त्याच्याशी या संज्ञेचा संबंध नाही. येथील संघर्ष साधारणपणे एका सेकंदाच्या आत मिटतो. त्या अल्पावधीत मेंदूच्या कोणत्या भागाचे कार्य वाढते, हे शोधण्यासाठी प्रतिमांकनाच्या पद्धती वापरल्या जातात. परंतु यंत्राला संघर्ष दिसत नाही. त्याला दिसतो तो रक्तपुरवठ्यातील मंद आणि अल्प बदल. त्या बदलावरून मूळ घटनेचे अनुमान करण्याचे काम सांख्यिकीय प्रतिमानाकडे असते. या प्रतिमानांचा इतिहास हा बऱ्याच अंशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : दोन प्रकारच्या खेपांमध्ये आढळणारा फरक संघर्षाचा मानावयाचा, की संघर्षाबरोबर ओघानेच येणाऱ्या इतर गोष्टींचा, विशेषतः जास्त लागणाऱ्या वेळेचा?

पूर्वपीठिका : मानसिक क्रिया मोजण्यासाठी वजाबाकीचा उपयोग प्रथम डच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रान्सिस्कस कॉर्नेलिस डाँडर्स (१८१८–८९) यांनी केला. उद्दीपक दिसताच ठराविक प्रतिक्रिया देण्यास लागणारा काळ, दोहोंपैकी योग्य ती प्रतिक्रिया निवडून देण्यास लागणाऱ्या काळातून वजा केला, तर निवडीस लागणारा काळ मिळेल, असे त्यांनी १८६८ मध्ये मांडले. या रीतीत एक गृहीत दडलेले होते. नवी क्रिया मध्ये घातली असता आधीच्या क्रिया जशाच्या तशा राहतात, असे तीत धरलेले होते. ओस्वाल्ट क्यूल्पे (१८६२–१९१५) या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला : काम बदलले की त्याकडे पाहण्याची मनाची तयारीच बदलते, म्हणून सगळेच बदलते. हाच आक्षेप शंभर वर्षांनी मेंदू-प्रतिमांकनाच्या संदर्भात पुन्हा घेतला गेला.

रंगाचे नाव सांगण्यास रंगवाचक शब्द वाचण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हे जेम्स मकीन कॅटेल (१८६०–१९४४) यांनी १८८६ मध्ये दाखविले होते. हे दोन्ही परस्परांसमोर उभे करण्याचे काम अमेरिकेतील नॅशव्हिल येथे जॉन रिडली स्ट्रूप (१८९७–१९७३) यांनी केले. त्यांच्या १९३५ च्या निबंधातील दुसऱ्या प्रयोगात शंभर विद्यार्थ्यांना शंभर रंगीत चौकोनांच्या रंगांची नावे सांगण्यास सरासरी ६३·३ सेकंद लागले. विसंगत शब्दांच्या शाईचे तितकेच रंग सांगण्यास ११०·३ सेकंद लागले. वाढ जवळजवळ पाऊणपट होती. प्रायोगिक मानसशास्त्रात इतका ढळढळीत आणि दर वेळी हमखास मिळणारा परिणाम विरळाच. स्ट्रूप यांनी मात्र पुढे या विषयात फारसे काम केले नाही. त्यांचे उर्वरित आयुष्य मुख्यतः बायबलच्या अध्यापनात गेले. १९३५ याच वर्षी रॉनल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) यांचा प्रयोगांच्या अभिकल्पावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रॉथॅमस्टेड येथील शेतीप्रयोगांतून उभे राहिलेले फिशर यांचे प्रचरण-विश्लेषण आणि स्ट्रूप यांची शब्दांची यादी यांची गाठ पडण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. दरम्यान याच जातीच्या आणखी कसोट्या निघाल्या. उद्दीपकाची बाजू व उत्तर देणाऱ्या हाताची बाजू यांत विरोध निर्माण करणारी सायमन कसोटी १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली. मधल्या चिन्हास त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिन्हांचा अडथळा होईल अशी रचना असलेली एरिक्सन कसोटी १९७४ मध्ये मांडण्यात आली.

वजाबाकीचे युग : जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजून मानसिक क्रियांची स्थाने शोधण्याची पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारलेली पद्धत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केली. १९८८ मध्ये या गटाने शब्दवाचनाच्या क्रमाक्रमाने अवघड होत जाणाऱ्या कामांची प्रतिमाचित्रे एकमेकांतून वजा करून दाखविली. १९९० मध्ये याच गटातील पार्डो व इतर संशोधकांनी स्ट्रूप कसोटीवर ही पद्धत लागू केली. विसंगत शब्दांच्या वेळच्या रक्तप्रवाहातून सुसंगत शब्दांच्या वेळचा रक्तप्रवाह वजा केला असता, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या पृष्ठावरील अग्र सिंग्युलेट बाह्यक हा भाग विशेष उठून दिसला. या भागाचे नाव संघर्षाशी जोडले गेले ते तेव्हापासून.

या पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी ऑक्सिजनचे अर्धायुष्य सुमारे दोन मिनिटे असते आणि एका मोजमापात अनेक सेकंदांचा रक्तप्रवाह एकत्र नोंदला जातो. त्यामुळे विसंगत शब्दांचा एक सलग गट व सुसंगत शब्दांचा दुसरा सलग गट अशीच मांडणी शक्य होती. अशा गटात पुढचा शब्दही विसंगतच येणार हे प्रयुक्ताला ठाऊक असते व तो डोळे बारीक करून शब्द न वाचण्याची युक्ती योजू शकतो. चुकलेल्या खेपा बरोबर आलेल्या खेपांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, आणि एकामागून एक येणाऱ्या दोन खेपांचा परस्परांवर होणारा परिणाम तर हाती लागतच नाही. क्यूल्पे यांचा आक्षेप कार्ल फ्रिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नव्या स्वरूपात मांडला. दोन क्रिया एकत्र आल्या असता त्यांची आंतरक्रिया होते, ती साध्या वजाबाकीत दिसत नाही. तेव्हा फिशर यांच्या रीतीने एकाच प्रयोगात दोन घटक आडवेउभे गुंफणारा अभिकल्प वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते.

रेषीय प्रतिमान : ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोर्येल यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. या गुणधर्मावरून मेंदूचे कार्य टिपता येईल, असे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी सुचविले आणि १९९२ मध्ये अमेरिकेतील तीन गटांनी ते माणसांमध्ये सिद्ध केले. या चुंबकीय अनुस्पंदन पद्धतीत (एमआरआय) किरणोत्सर्गी द्रव्य टोचावे लागत नाही व दर दोन-तीन सेकंदांनी संपूर्ण मेंदूची एक प्रतिमा मिळते. तथापि तंत्रिका कोशिकांचे कार्य क्षणार्धात घडले, तरी रक्ताचा प्रतिसाद सावकाश चढतो, सुमारे पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो आणि मग उतरून काही काळ मूळ पातळीच्या किंचित खाली राहतो. बदलही पुष्कळदा शेकडा एकाच्या आतबाहेर असतो.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात फ्रिस्टन यांनी या विश्लेषणाची जी चौकट उभारली आणि तिच्यासाठी जी संगणकप्रणाली १९९१ पासून इतरांना वापरावयास दिली, तीच पुढे बहुतेक प्रयोगशाळांची नित्याची रीत झाली. तिचा गाभा म्हणजे सामान्य रेषीय प्रतिमान होय. मेंदूचे सुमारे तीन मिमी. बाजूचे हजारो घनांश कल्पून प्रत्येक घनांशातील मोजमापांची मालिका स्वतंत्रपणे घेतली जाते. तिच्यासमोर एक आव्यूह मांडतात. आव्यूहात जितक्या प्रतिमा तितक्या ओळी असतात, आणि संशोधकाला ज्या ज्या कारणांचा परिणाम अपेक्षित असेल त्या प्रत्येकासाठी एक स्तंभ असतो. विसंगत खेपांच्या स्तंभात त्या खेपा ज्या क्षणी आल्या तेथे एकेक खूण केली जाते. मग रक्ताच्या सावकाश प्रतिसादाच्या आकाराने त्या खुणांचे संवलन करतात, म्हणजे प्रत्येक खुणेच्या जागी एक उंचवटा येतो व जवळजवळच्या उंचवट्यांची बेरीज होते. असे संवलन करणे योग्य आहे, कारण प्रतिसादांची बेरीज बऱ्याच अंशी साधी होते, हे बॉइन्टन व इतरांनी १९९६ मध्ये दृष्टीच्या क्षेत्रात तपासून दाखविले. प्रत्यक्ष मालिका ही या स्तंभांची भारित बेरीज अधिक उरलेली त्रुटी असे मानून लघुतम वर्ग पद्धतीने प्रत्येक स्तंभाचा भार काढतात. विसंगत स्तंभाच्या भारातून सुसंगत स्तंभाचा भार वजा करणे हीच या पद्धतीतील वजाबाकी होय.

त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. श्वास, नाडी व डोक्याची हालचाल यांची छाया लागोपाठच्या मोजमापांवर पडते. ती काढून टाकण्याच्या काही पद्धतींत मालिकांचे मोजक्या परस्परलंब घटकांत विघटन केले जाते. यादृच्छिक फलनांच्या अशा विघटनाचे सर्वसामान्य प्रमेय दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९४३ मध्ये प्रसिद्ध केले होते. पुढे कारुनेन व लोएव्ह यांनी ते स्वतंत्रपणे मांडल्याने बराच काळ ते त्या दोघांच्याच नावाने ओळखले गेले. आता त्याच्याशी कोसंबींचेही नाव जोडले जाते.

खेपांची मांडणी : विसंगत आणि सुसंगत खेपा दर दोन सेकंदांनी आळीपाळीने दिल्या, तर संवलनानंतर दोन्ही स्तंभ जवळजवळ सपाट होतात आणि त्यांतून काहीच वेगळे काढता येत नाही. खेपा यादृच्छिक क्रमाने आणि कमीजास्त अंतराने दिल्या, तर मात्र एकमेकांत मिसळलेले प्रतिसादही वेगळे करता येतात, हे डेल व बकनर यांनी १९९७ मध्ये दाखविले. सलग गटांचे बंधन त्यामुळे सुटले. कोणत्या क्रमाने किती अचूक अंदाज मिळेल हे प्रयोग करण्यापूर्वीच गणिताने सांगता येते. म्हणून उत्तम क्रम शोधणे हा एक स्वतंत्र विषय बनला. वेजर व निकल्स यांनी २००३ मध्ये त्यासाठी जैव उत्क्रांतीच्या धर्तीवरची शोधपद्धती सुचविली.

संघर्षाच्या अभ्यासात हे स्वातंत्र्य पुरतेपणी वापरता येत नाही, कारण येथे क्रम हाच अभ्यासाचा विषय असतो. विसंगत खेपेनंतर लगेच दुसरी विसंगत खेप आली, तर दुसऱ्या वेळी अडथळा कमी होतो, असे ग्रॅटन, कोल्स व डॉन्चिन यांनी १९९२ मध्ये नोंदविले होते. मेंदू एका संघर्षावरून शिकून पुढच्यासाठी सावध होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. बॉट्विनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा परिणाम प्रतिमांकनात वापरला. अग्र सिंग्युलेट बाह्यक निवड करीत असेल, तर सावध अवस्थेत त्याचे कार्य अधिक दिसावे. ते नुसता संघर्ष नोंदवीत असेल, तर सुसंगतानंतर आलेल्या विसंगत खेपेत अधिक दिसावे. दुसरे भाकीत खरे ठरले. २००१ मध्ये या गटाने प्रतिस्पर्धी प्रतिक्रियांच्या सक्रियतेचा गुणाकार म्हणजे संघर्ष, अशी गणिती व्याख्या दिली. अग्र सिंग्युलेट बाह्यक पहारा करते आणि त्याच्या सूचनेवरून ललाटपूर्व बाह्यक नियंत्रण वाढविते, असे दृश्य त्यातून उभे राहिले. एका खेपेतील सिंग्युलेट-कार्यावरून पुढच्या खेपेतील वर्तनाचे भाकीत करता येते, हे कर्न्झ व इतरांनी २००४ मध्ये दाखविल्यावर हा सिद्धांत सर्वमान्य होतो की काय असे वाटू लागले.

पहिला धक्का यंत्राकडून नव्हे, साध्या मोजणीतून बसला. डाव्या-उजव्या बाणांच्या एरिक्सन कसोटीत एकूण चारच उद्दीपके असतात. विसंगतानंतर विसंगत अशा जोड्या तपासल्या, तर त्यांतील निम्म्या जोड्यांत आधीचेच चित्र जसेच्या तसे पुन्हा येते. सुसंगतानंतर विसंगत अशा जोड्यांत मात्र ते कधीच येत नाही, चित्राचा नेहमी अर्धाच भाग पुन्हा येतो. तेव्हा वेग वाढतो तो सावधपणामुळे, की आताच पाहिलेले चित्र पुन्हा दिसल्यामुळे? मायर, ऑ व लॉरे यांनी २००३ मध्ये पुनरावृत्त खेपा वगळल्या आणि परिणाम नाहीसा झाला. रंगांच्या कसोटीत आणखी एक दोष निघाला. चार रंगांपैकी निम्म्या खेपा सुसंगत ठेवल्या, तर ‘लाल’ शब्द लाल शाईत निम्म्या वेळा येतो आणि इतर प्रत्येक शाईत फक्त एकषष्ठांश वेळा. त्यामुळे प्रयुक्त नकळत शब्दावरून रंगाचा अंदाज बांधू शकतो. यावर निघालेला तोडगा सुबक आहे. चार रंगांच्या दोन जोड्या पाडावयाच्या, सम खेपांत एक जोडी व विषम खेपांत दुसरी वापरावयाची. म्हणजे लागोपाठच्या खेपांत काहीही पुन्हा येत नाही आणि प्रत्येक शब्द दोन्ही शायांत सारख्या वेळा येतो. अशा मांडणीतही क्रमाचा परिणाम टिकून राहतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळले. तो पूर्वीपेक्षा लहान असतो एवढेच. त्यापूर्वीच्या प्रतिमाचित्रांपैकी अनेक चित्रांत स्मृतीचा वाटा किती, हे मात्र आता सांगता येत नाही.

वेळेचा प्रश्न : याहून खोल अडचण प्रतिक्रियाकालाची आहे. विसंगत खेपेस अधिक वेळ लागतो. तो लागतो म्हणूनच ही कसोटी अस्तित्वात आहे. पण एखाद्या भागातील कार्य खेप चालू असेपर्यंतच टिकत असेल, तर खेप जितकी लांबेल तितका रक्ताचा प्रतिसादही मोठा होईल. अवधी अर्ध्या सेकंदाचा असो वा पाऊण सेकंदाचा, रक्ताच्या संथ प्रतिसादात तो कमीअधिक उंचीच्या रूपानेच उमटतो. नेहमीच्या आव्यूहात मात्र प्रत्येक खेप सारख्याच लांबीची धरली जात असे. अशा प्रतिमानात वेळेतील फरक विसंगत स्तंभाच्या भारात जाऊन बसतो आणि संघर्षाचा परिणाम म्हणून छापला जातो. ज्या गोष्टीला स्वतंत्र स्तंभ दिला नाही तिचा परिणाम शून्य होत नाही, तो शेजारच्या स्तंभात शिरतो. या विषयातील बहुतेक वाद याच मुद्द्यापाशी येऊन थांबतात.

ग्रिनबँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये खेपेच्या लांबीनुसार उंचवट्याची लांबी बदलणारे प्रतिमान सुचविले आणि २०११ मध्ये ते स्ट्रूप कसोटीस लावले. संथ सुसंगत खेपा व शीघ्र विसंगत खेपा यांची तुलना केली असता, मध्य ललाटीय भागातील कार्य संघर्षाप्रमाणे न बदलता वेळेप्रमाणे बदलते, असा त्यांचा निष्कर्ष होता. यार्कोनी व इतरांनी २००९ मध्ये निरनिराळ्या कसोट्यांची माहिती एकत्र करून, प्रतिक्रियाकालाबरोबर वरखाली होणारे भाग मेंदूत किती विस्तृत आहेत हे दाखविलेच होते. यंग, कोहेन व बॉट्विनिक यांनी त्याच वर्षी, २०११ मध्ये, उत्तर दिले. त्यांच्या मते संथ सुसंगत खेपा संथ होतात त्याही काही प्रमाणात अंतर्गत चढाओढीमुळेच. संघर्ष जर वेळ वाढवीत असेल, तर वेळेचा परिणाम काढून टाकणे म्हणजे संघर्षाचाच परिणाम काढून टाकणे होय. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. पण तो मान्य केला, तर प्रतिमाचित्रावरून या दोन मतांत निवाडा करता येत नाही हेही मान्य करावे लागते, आणि ते त्या सिद्धांतास फारसे सोयीचे नाही.

निवाड्यासाठी इतर पुरावेही पाहण्यात आले. फेलोज व फारा यांनी २००५ मध्ये तपासलेल्या, अग्र सिंग्युलेट बाह्यकास इजा झालेल्या चार रुग्णांमध्ये संघर्षानंतरचे नियंत्रण शाबूत आढळले. उलट, शेठ व इतरांनी २०१२ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी याच भागातील एकेका तंत्रिका कोशिकेची नोंद केली, तेव्हा त्यांचे कार्य संघर्षाच्या प्रमाणात वाढताना दिसले आणि त्या भागाचा छेद घेतल्यावर वर्तनातील क्रमाचा परिणाम नाहीसा झाला. दोन्ही अभ्यासांतील रुग्णांची संख्या लहान आहे.

मधल्या काळात केवळ बदलत्या लांबीचा स्तंभ वापरला की प्रश्न सुटतो, अशी समजूत पसरली होती. जीनेट ममफर्ड, रसेल पोल्ड्रॅक व इतरांनी २०२४ मध्ये तिच्यातील विसंगती उघड केली. जेथे मेंदूचे कार्य वेळेवर अवलंबून नसते तेथे असा स्तंभ उलट वेळेचा खोटा परिणाम निर्माण करतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या खेपांसाठी स्थिर लांबीचे स्तंभ ठेवून, सर्व खेपांना सामाईक असा प्रतिक्रियाकालाच्या लांबीचा आणखी एक स्तंभ जोडावा, असे त्यांनी सुचविले. असे केल्यावर स्ट्रूप कसोटीतील विसंगत-सुसंगत फरक मोठ्या प्रमाणात ओसरतो.

सार्थता व समूह : हजारो घनांशांवर एकाच वेळी कसोटी लावली, तर नुसत्या योगायोगानेही पुष्कळ घनांश सार्थ दिसतात. माँट्रिऑल येथील कीथ वर्स्ली (१९५१–२००९) यांनी १९९२ मध्ये यादृच्छिक क्षेत्रांच्या सिद्धांतावरून यासाठी उंबरठा ठरविण्याची रीत दिली. तिची गरज किती आहे, हे २००९ मधील एका प्रात्यक्षिकाने सर्वांच्या कायमचे लक्षात राहिले : मेलेल्या सामन माशाला माणसांची छायाचित्रे दाखविली असता, ही दुरुस्ती न केलेल्या विश्लेषणात त्याच्या मेंदूतही ‘कार्य’ आढळले. तथापि या रीतीची गृहीतेही नेहमी पाळली जात नाहीत. एक्लुंड, निकल्स व क्नुटसन यांनी २०१६ मध्ये विश्रांत अवस्थेतील खऱ्या नोंदींवर प्रचलित प्रणाली चालवून पाहिल्या, तेव्हा लगतच्या घनांशांच्या पुंजांवर आधारलेल्या काही कसोट्यांत चुकीच्या होकाराचे प्रमाण अपेक्षित शेकडा ५ ऐवजी ७० पर्यंत गेले. क्रमचयावर आधारलेल्या कसोट्या या परीक्षेत बहुतांशी उतरल्या.

निष्कर्ष तपासलेल्या मूठभर माणसांपुरता न राहता समष्टीला लागू व्हावयाचा असेल, तर व्यक्तिव्यक्तींमधील प्रचरण हिशेबात घ्यावे लागते. यासाठी होम्झ व फ्रिस्टन यांनी १९९८ मध्ये सुचविलेली दोन पायऱ्यांची रीत रूढ झाली. पहिल्या पायरीत प्रत्येक व्यक्तीचा फरक काढतात व दुसरीत त्या फरकांवर कसोटी लावतात. स्ट्रूप कसोटीच्या बाबतीत या दुसऱ्या पायरीवर एक अनपेक्षित गोष्ट आढळून आली. समूहात हा परिणाम हमखास मिळतो, याचा अर्थच असा, की तो बहुतेक सर्वांमध्ये जवळजवळ सारखा असतो. साहजिकच एका व्यक्तीचा परिणाम दुसरीपेक्षा मोठा की लहान, हे तो फारसे विश्वसनीयपणे सांगू शकत नाही. हेज, पॉवेल व सम्नर यांनी २०१८ मध्ये त्याच व्यक्तींची काही आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेऊन हे दाखविले. मनोविकारांच्या अभ्यासात रुग्णांच्या संघर्ष-परिणामाचा त्यांच्या लक्षणांशी सहसंबंध शोधणारे प्रयोग याच फरकांवर उभे असतात. अशा प्रयोगांसाठी आता व्यक्तीची सरासरी न घेता प्रत्येक खेपेची नोंद श्रेणीबद्ध प्रतिमानात घालतात, म्हणजे खेपाखेपांमधील चढउतार आणि व्यक्तिव्यक्तींमधील फरक यांचे अंदाज वेगवेगळे मिळतात. त्यासाठी दर व्यक्तीमागे लागणाऱ्या खेपांची संख्या एरवीच्या प्रतिमांकन-प्रयोगांत असते त्यापेक्षा पुष्कळच मोठी आहे.